अंदाज माणसाला वाचवतो, घराचे काय?

ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकले, तेव्हा सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच किनाऱ्यावर, पुरीजवळ, ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी १७५ ते १८० किलोमीटर होता. तरीही ओडिशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. उपग्रह, डॉपलर रडार आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे हवामानशास्त्र विभागाने वादळाचा मार्ग काही दिवस आधी सांगितला आणि राज्य शासनाने सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवले. भारतीय विज्ञान आणि प्रशासन यांच्या संयुक्त कर्तृत्वाची याहून ठळक उदाहरणे थोडीच सापडतील.

परंतु निवाऱ्यातून परतलेल्या लाखो कुटुंबांपुढे दुसराच प्रश्न उभा होता. जीव वाचला होता. छप्पर गेले होते. पूर्वसूचना मिळाली म्हणजे माणूस हलू शकतो, घर हलू शकत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून अंदाज अधिक नेमके होतील आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र घराचे भवितव्य वादळाच्या आदल्या दिवशी ठरत नाही. ते तीन प्रश्नांच्या उत्तरांनी कितीतरी वर्षे आधी ठरलेले असते: घर कोठे बांधले, कसे बांधले आणि नुकसान झालेच तर त्याचा भार कोण उचलणार. या तिन्ही प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा आहे. विमा हे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या दोहोंचे उत्तर त्याने कधीच मिळत नाही.

पहिला प्रश्न जागेचा. भारताचा सुमारे ५९ टक्के भूभाग मध्यम ते तीव्र भूकंपाच्या टप्प्यात येतो. ‘बीएमटीपीसी’ या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये देशाचा ‘व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलास’ प्रथम प्रसिद्ध केला. त्याची तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली. भूकंप, वारा, पूर आणि दरडी यांचा धोका त्यात दाखवला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण प्रदेशांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे तयार केले आहेत, तर राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या २०२३ च्या भूस्खलन अ‍ॅटलासमध्ये उत्तराखंडातील रुद्रप्रयाग जिल्हा सर्वाधिक जोखमीचा ठरला आहे. माहिती आहे आणि ती सार्वजनिकही आहे. तरीही घर घेताना पाण्याचा नळ, शाळेचे अंतर आणि वास्तुशास्त्र यांची जितकी चौकशी होते, तितकी या नकाशांची होत नाही.

नकाशा वाचताना त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो परिसर भारतीय मानकाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता. पुढे २००२ मध्ये मानक सुधारले, सर्वांत खालचा विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर वरच्या विभागात गेला. नकाशा म्हणजे त्या काळापर्यंतच्या ज्ञानाचा सारांश असतो. त्यात धोका कमी दाखवला आहे, एवढ्यावरून धोका नाही असे ठरत नाही.

दुसरा प्रश्न बांधणीचा, आणि येथे विज्ञान अधिक स्पष्ट बोलते. किल्लारीत भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. त्या मानाने हानी प्रचंड झाली. कारण दगड-मातीच्या जाड भिंतींवर जड माळवदे होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. अशा भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड घालणे, जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत या तीन पातळ्यांवर सलग पट्टे बांधणे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या देणे हे उपाय भारतीय मानकांत कित्येक वर्षांपासून लिहिलेले आहेत. जुन्या घरातही यांतले काही करता येतात.

काँक्रीटची इमारत म्हणजे सुरक्षितता, हा समजही २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपाने मोडीत काढला. भूकंपकेंद्रापासून २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकांचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असल्याने ते ताठ राहतात आणि सारे विस्थापन तळमजल्याच्या खांबांवर येते. देशातल्या जवळपास प्रत्येक शहरात आजही असे तळमजले दिसतात. त्याच कच्छात परंपरागत वर्तुळाकार ‘भुंगे’ मात्र तुलनेने टिकून राहिले.

वाऱ्याचे गणितही फारसे अवघड नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. भारतीय मानकातील सूत्रानुसार ५० चा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १,५०० न्यूटन. साधारण १५० किलो वजनाइतके बल. छपराच्या कडांशी आणि कोपऱ्यांशी ते छपराला वर खेचते आणि तेथे ते आणखी वाढते. अडीच चौरस मीटरच्या पत्र्याला एवढे बल जवळपास पावणेचारशे किलो वजनाइतक्या ओढीने उचलत असते. त्याला धरून ठेवतात ते केवळ काही हुक. कडेच्या ओळींत यू-आकाराचे बोल्ट जवळजवळ बसवणे, वासे भिंतीशी पट्ट्यांनी जखडणे आणि दोन उतारांऐवजी चार उतारांचे छप्पर घेणे, यांचा खर्च नव्या छपराच्या तुलनेत किरकोळ असतो. पुराच्या प्रदेशात जोत्याची उंची, विजेच्या बोर्डाची जागा आणि सांडपाण्याच्या नळाला उलटा प्रवाह अडवणारी झडप या तीन साध्या गोष्टी बरेच नुकसान टाळतात.

इतके करूनही जी जोखीम उरते, ती विम्याची. येथे बहुतेक कुटुंबे एका गृहीतकावर विसंबून असतात: संकट आले तर सरकार मदत करील. सरकार मदत करतेच. मात्र राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या पक्क्या घरासाठी मैदानी भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मिळतात. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ही रक्कम ६,५०० रुपये आहे. ही मदत तातडीचा आधार देण्यासाठी आहे. तिने घर पुन्हा उभे राहत नाही आणि तसा तिचा दावाही नाही.

दुसरा आक्षेप असा की, काही घडलेच नाही तर हप्ते वाया जातात. तो विम्याचे तत्त्व न समजल्यामुळे येतो. आग एका वेळी हजारांतल्या एखाद्या घराला लागते. म्हणून हजार घरांचे छोटे हप्ते त्या एका घराला पुरतात. भूकंप आणि महापूर एकाच वेळी हजारो घरे पाडतात. तेथे गावापुरती किंवा राज्यापुरती वाटणी पुरत नाही, म्हणून विमा कंपन्या पुनर्विम्याद्वारे ती जोखीम जगभर पसरवतात. एकट्या कुटुंबाची बचत हे काम करू शकत नाही.

विमा निवडण्याचे काम आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणे, वणवा, पाण्याच्या टाक्या किंवा नळ फुटणे अशा जोखमी तिच्या मूळ स्वरूपातच येतात. भूकंपासाठी वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागत नाही. अटी सर्वत्र सारख्या असल्याने कंपन्यांची तुलना हप्ता आणि दावे निकाली काढण्याची पद्धत यांवर करता येते.

पहिली मोठी चूक विमा रकमेत होते. विमा बाजारभावाचा काढायचा नसतो. पुनर्बांधणीच्या खर्चाचा काढायचा असतो. समजा, ८०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर ८० लाखांना विकले जाते आणि त्या भागात बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये आहे. तर इमारतीची विमा रक्कम १६ लाख होते. उरलेली किंमत मुख्यतः जमिनीची आणि ठिकाणाची. घरातील सामान्य वस्तूंना इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांच्या मर्यादेत, आपोआप संरक्षण मिळते. येथे ते ३ लाख २० हजार होते. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा काढता येतो. पूर्वी रक्कम कमी लावली असल्यास दावाही त्या प्रमाणात कापला जाई. या पॉलिसीत ती कपात नाही. पण भरपाई विमा रकमेपलीकडे जात नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी चूक नावाच्या सारखेपणातून होते. गृहकर्जासोबत घेतलेला विमा बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. त्याचा मृत्यू झाल्यास कर्ज फिटते. घर पडल्यास काहीही मिळत नाही. तिसरी चूक सदनिकाधारकांची. खांब, तुळया, जिना आणि पाया सर्वांचे असतात. एकट्याच्या पॉलिसीने कोसळलेली इमारत उभी राहत नाही; ती उभी राहण्यासाठी सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा काढणे आवश्यक असते. चौथी गोष्ट कागदपत्रांची: घराची आणि वस्तूंची छायाचित्रे, पावत्या आणि पॉलिसीची प्रत घराबाहेरही जपलेली असावी. पुरात वाहून गेलेल्या कपाटातील पुरावा कोणाच्याच कामाचा नसतो.

आता या व्यवस्थेतील सर्वांत खोल भेगेकडे पाहिले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातील जोशीमठ येथे ८०० हून अधिक इमारतींना तडे गेले. हे नगर जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेले आहे आणि तेथे अवजड बांधकाम टाळावे, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. प्रमाणित पॉलिसीत जमीन खचण्याची जोखीम येते, पण अपवादांसह: नव्या बांधकामाचे बसणे, भराव जमिनीची हालचाल, नदी वा समुद्राने केलेली धूप, सदोष रचना वा साहित्य, तसेच खोदकाम. म्हणजे घराखालची जमीन नेमकी कशामुळे हलली, या भूवैज्ञानिक प्रश्नावर दावा अडकू शकतो. ब्रह्मपुत्रेच्या धुपीने आक्रसत चाललेल्या माजुली बेटावरचे घरही याच अपवादांत सापडू शकते. शिवाय वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी घडले त्याप्रमाणे घराखालची जमीनच वाहून गेली, तर पुनर्बांधणीचा खर्च मिळूनही बांधायचे कोठे, हा प्रश्न उरतो. विमा अचानक घडलेल्या घटनेसाठी आहे. हळूहळू होणारा नाश त्याच्या चौकटीत नीट बसत नाही.

याच ठिकाणी विज्ञानाने पुढे यायला हवे, आणि ते येतही आहे. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला इस्रो आणि नासा यांचा ‘निसार’ उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच भूभागावर परत येतो आणि जमिनीची काही सेंटिमीटरांची हालचालही टिपतो. ही माहिती केवळ शोधनिबंधांपुरती राहू नये. घराच्या खरेदीखतासोबत त्या जागेच्या भूकंप, पूर आणि दरड यांविषयीच्या धोक्याचे विवरण देणे बंधनकारक झाले पाहिजे. मानकांनुसार बळकट केलेल्या घराला हप्त्यात ठळक सवलत मिळाली पाहिजे. तशी ती मिळाली, तर विमा बांधणीच्या सुधारणेलाही हातभार लावील. ज्यांना पॉलिसीचा हप्ता परवडत नाही, त्यांच्यासाठी राज्यांनी सामूहिक संरक्षण घ्यावे. नागालँडने त्या दिशेने पाऊल टाकले आहे. तेथील विम्यात पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की राज्याला रक्कम मिळते. घरोघरी पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. अर्थात पर्जन्यमापक दूर असला, तर नुकसान होऊनही रक्कम न मिळण्याचा धोका त्यात राहतो. म्हणून पर्जन्यमापकांचे दाट जाळे हाही येथे विम्याचाच भाग ठरतो.

तुर्कस्तानचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. १९९९ च्या भूकंपानंतर त्या देशाने २००० पासून घरांसाठी भूकंपविमा सक्तीचा केला. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तरीही हजारो इमारती कोसळल्या, कारण बांधकामाचे नियम कागदावर होते आणि अनेक ठिकाणी त्यांचे पालन झाले नव्हते. विम्याने काहींना पैसे दिले. ढिगाऱ्याखालच्या माणसांना तो देऊ शकत नव्हता.

म्हणून घर घेणाऱ्या किंवा बांधणाऱ्या कुटुंबाने आधी नकाशा पाहावा, मग अभियंत्याला खांब, पट्टे आणि छपराच्या पकडीविषयी विचारावे आणि त्यानंतर पॉलिसीतील अपवादांचे पान वाचून सही करावी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर याची सुरुवात आजच करता येईल. आपला जिल्हा भूकंपाच्या कोणत्या विभागात येतो, घराचा तळमजला मोकळा आहे का आणि घराचा विमा आहे का, ही तीन उत्तरे एका संध्याकाळी मिळू शकतात. ती शोधण्यासाठी पुढच्या वादळाच्या सूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.