हॉस्पिटल किती मिनिटांवर? हिंजवडीच्या कोंडीचा वैद्यकीय हिशोब

"डॉक्टर, हॉस्पिटल जवळच होतं, सहा-सात किलोमीटर." हिंजवडी, माण, मारुंजी भागातले नातेवाईक नेहमी अंतर सांगतात. आम्हाला मिनिटं हवी असतात. पक्षाघातात मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो.

मग रस्ता इतका का तुंबतो? तुम्ही म्हणाल, गाड्या वाढल्या. खरं आहे, पण त्या जमिनीच्या वापरातून वाढल्या. एमआयडीसीने इथे आयटी पार्क वसवलं. आत-बाहेर जायचे रस्ते मोजकेच राहिले आणि भोवतालच्या शेतजमिनींवर टॉवर उभे राहिले. समजा, ५०० फ्लॅटच्या सोसायटीतून सकाळी तासाभरात ३०० गाड्या निघाल्या, तर मिनिटाला ५. अशा दहा सोसायट्या एकाच रस्त्यावर उघडल्या की ५०. एका लेनमधून सिग्नल नसतानाही मिनिटाला साधारण ३० गाड्या जातात. सिग्नल आला की त्याच्या निम्म्या. प्रत्येक इमारतीचं पार्किंग नकाशात तपासलं जातं, पण सगळ्यांचा मिळून चौकावर पडणारा भार कुणाच्या टेबलावर येतो? आयटी पार्क एमआयडीसीचं, वाकड महापालिकेचं, गावं ग्रामपंचायतींची, प्रादेशिक नियोजन पीएमआरडीएचं. माझ्या मते खरा आजार इथेच आहे. नुसता रस्ता रुंद केला, तर नव्या टॉवरच्या गाड्या तो पुन्हा भरतात. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचा उपयोग होईल, मात्र स्टेशनपर्यंत धड चालत जाता आलं तरच.

तोवर तुमच्या घरचं नियोजन तुमच्या हातात आहे. मोबाइलच्या नकाशावर हॉस्पिटलचा वेळ सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला पाहून ठेवा. दुपारचा आकडा फसवा असतो. कोंडीच्या उलट दिशेचं एक हॉस्पिटलही हेरून ठेवा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं, तर चोवीस तास सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच जा आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. छातीत दुखत असेल तर गणित वेगळं. अँजिओप्लास्टीला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर जवळच्या हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढून गुठळीचं इंजेक्शन आधी देणं बऱ्याच रुग्णांत योग्य ठरतं. ते इंजेक्शन तिथे मिळतं का, हे आजच फोन करून विचारा.

रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि एकाला सोसायटीच्या गेटवर उभं करा. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण तुंबलेल्या चौकात बाजूला सरकायला जागाच नसते.