सातबारा आणि पदवी

दिवाळीच्या तोंडावर जिंतूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती उतरू लागली की घरोघर पैशाच्या वाटा ठरतात: खतवाल्याची उधारी, लग्नाची देणी, लेकरांचे कपडे. अलीकडे त्यात पोराच्या नाहीतर पोरीच्या पुढच्या पदवीची भर पडली आहे. एमबीए, एमटेक, कुणाला परदेशातली मास्टर्स. एका हंगामाच्या सोयाबीनमध्ये हे भागत नाही, म्हणून यंदाचा अंक शैक्षणिक कर्जावर काढला आहे.

कर्जाने शिकण्यात कमीपणा कसला? जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो कर्जाऊच. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, पण परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून. १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठताना पगारातली शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेनांकडून उसने घेतलेले ५,००० रुपये होते. १९२३ ची डी.एस्सी. त्या उसनवारीवरही उभी आहे.

आपल्या तालुक्यात गाडी अडते ती तारणापाशी. घरी दहा एकर काळी जमीन, सातबारा कोरा, तरी मोठ्या रकमेचे नाव काढले की बँकेत विचारतात, ‘एनए प्लॉट आहे का?’ थकीत कर्जाची वसुली सोपी करणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे पीककर्जाला चालणारी जमीन पदवीला सहसा चालत नाही. पुण्यातला फ्लॅट चालतो. बँकेच्या जागी बसून पाहिले तर हे पटतेही. पण सारी पुंजी मातीत असलेल्या माणसाने फ्लॅट आणायचा कुठून?

साडेसात लाखांपर्यंत मात्र तारणाची गरज नाही. २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीत तशी सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांसाठी तारण नाही, जामीनदारही नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला शिक्षणकाळात तीन टक्के व्याजसवलतही मिळू शकते.

आता हप्त्याचे बघू. दहा लाख, दर दहा टक्के, पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचललेली. दोन वर्षे अभ्यासाची, एक वर्ष सवलतीचे; व्याज न भरल्यास सरळव्याजानेच तीन लाख चढतात. तेरा लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिना १७ हजारांवर हप्ता. पहिली नोकरी तीस हजारांची लागली, तर खोलीभाडे आणि मेस वजा जाता गावाकडे काय येणार? प्रवेश मिळवून देणारा एजंट सांगतो तो पगार या हिशेबात धरू नये, तो त्याच्या कमिशनपुरता खरा असतो.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी, गेल्या वर्षी किती जणांना किती पगारावर नोकरी लागली ते कॉलेजला विचारा. आणि बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा.