रडीचा डाव

मुलांचा राग आवरायला आता मोबाईलवर खेळ आलेत म्हणे. आधी मोबाईल दिला, काढून घेतल्यावर पोर हातपाय आपटू लागलं, आणि त्यावर उपाय कोणता? तर मोबाईलच! आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

उगाच नावं ठेवू नयेत म्हणून माहिती काढली. अमेरिकेत बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जन्मलेला 'माइटिअर' नावाचा खेळ आहे. दंडावरचा पट्टा हृदयाचे ठोके मोजतो. ठोके वाढले की खेळ अवघड होतो. दीर्घ श्वास घेऊन शांत झालं की पुन्हा सोपा. कल्पना झकास आहे, हे मान्य. पण तिथे सुरुवातीला तो समुपदेशकाच्या सोबतीने वापरला गेला. आपले पालक काय करतात? फुकटातलं एखादं अॅप उतरवून घेतात आणि पोराला कोपऱ्यात बसवतात. पट्टा नाही, समुपदेशक नाही, आईबापही नाहीत.

श्वास घेऊन राग उतरतो हो, पण तो आला कशाने, हे कोण विचारणार? आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत आई दिवसभर विड्या वळते. घरात बोली तेलुगू, शाळेत मराठी. अशा घरातलं पोर वर्गात धुमसतं तेव्हा त्याला राग आवरण्याआधी सांगायला शब्द हवे असतात. आणि शब्दांना ऐकणारा कान लागतो.

लगोरी, विटीदांडू आठवतात का? तिथे राज्य घ्यावंच लागायचं. चिडून घरी निघालं की मागून 'रडीचा डाव खडी' ऐकू यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच भिडू हाक मारायला यायचे. हरणं, चिडणं, परत येणं, सगळं त्यात आलं. अॅपमध्ये हरलं की बटण दाबून नवा डाव. रुसायला तिथे आहे कोण?

त्रास खरोखर मोठा असेल तर डॉक्टर गाठा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा 2022 पासून आहे, क्रमांक 14416. तिथे निदान माणूस बोलतो.

बाकीच्यांसाठी माझी मागणी साधी आहे. खेळाचा तास गणिताला देऊ नका. मैदानावर गाड्या लावू नका. आणि रोज अर्धा तास स्वतःचा मोबाईल बाजूला ठेवून पोराशेजारी बसा. ते जमत नाही म्हणून अॅप आणायचं, हा तर मोठ्यांचाच रडीचा डाव झाला, नाही का?