पारावरच्या गप्पा आणि घरातले ताट



दिवस मावळला की गावोगावच्या पारावर मंडळी जमतात. पाऊसपाणी आणि बाजारभाव हे विषय तर असतातच. हल्ली त्यांच्या जोडीला खेळ, तब्येत, मोबाइल आणि खाणेपिणेही आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अजिंक्यपद पटकावले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. अशा गोष्टीवर तासभर बोलणे झाले तर वावगे काय?

मग कोणी खिशातून मोबाइल काढतो आणि म्हणतो, "आज आठ हजार पावलं झाली." दुसरा लगेच सांगतो, "दहा हजार झाल्याबिगर उपयोग नाही, गड्या!" हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? जपानमध्ये १९६५ साली पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले. त्याचे नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विक्रीसाठी धरलेला हा गोल आकडा पुढे जगभर रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे भरभर चालण्यासारखी हालचाल करायला सांगते. तेव्हा आकड्याचा हट्ट नको. पण ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून ज्यांचे चालणे सुटले, त्यांनी शेतावर तरी पायी जावे.

आता एक काम करा. तो मोबाइल एक दिवस कारभारणीच्या कमरेला द्या. झाडलोट, शेणगोठा, पाणी, स्वयंपाक, शेतातले काम आणि परत चूल. रात्री आकडा बघा. आणि हेही ध्यानात घ्या, की बसून केलेल्या खुरपणीची आणि भाकरी थापण्याची पावले मोबाइल मोजत नाही. ते कष्ट आकड्याच्या बाहेरच राहतात.

इतके राबणाऱ्या बाईचे ताट मात्र पुष्कळ घरांत सर्वांत शेवटी वाढले जाते. उरलेली भाकरी आणि तळाची आमटी तिच्या वाट्याला येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. काम करताना धाप लागणे, चक्कर येणे, सदा थकवा वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. त्याला आळस म्हणू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या आणि सांगितल्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या घ्या.

आहाराचे थोडे सांगतो. बाजरीत लोह चांगले असते. 'धनशक्ती' हे अधिक लोहाचे वाण २०१२ साली राज्यात प्रसारित झाले. घरखाण्यापुरती बाजरी पेरणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश असल्याने ते लवकर कडवट होते, म्हणून आठवड्याला पुरेल एवढेच दळावे. भाकरीबरोबर पालेभाजी, उसळ किंवा पिठले असावे, वर लिंबू पिळावे. लिंबामुळे अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते. मध्ये तासभर जाऊ द्यावा.

तालमीतल्या पोरांनाही एक सांगणे. प्रथिनांच्या भुकटीच्या डब्यासाठी घरात हट्ट धरण्याआधी कणगीकडे बघा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीतली उणीव दुसरी भरून काढते. शेंगदाणे-गूळ, मोड आलेली मटकी, दूध आणि चालत असतील तर अंडी, एवढ्यावर अंग चांगले कमावता येते. मात्र त्यातला वाटा आईला आणि बहिणीलाही मिळाला पाहिजे.

यात मोठा खर्च नाही. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसायचे आणि टोपल्यातली भाकरी, पातेल्यातली उसळ सर्वांसमक्ष वाटून घ्यायची, एवढेच. पुढच्या खेपेला पारावर पावलांचा आकडा सांगाल, तेव्हा घरच्या बाईचा आकडा आधी सांगा.