विटेवरचे पाच तास

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण आकड्यांची चूकभूल आपण इंजिनिअरिंगवाले जरा जास्तच सहज देतो-घेतो, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी छोटा रोव्हर बनवला. चार गिअर मोटर, ॲल्युमिनिअमची चौकट, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर आणि १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. बॅटरी टेस्ट कुठे केली? होस्टेलच्या रूमवर! दोन विटांवर रोव्हर ठेवला, चाकं हवेत, स्विच ऑन. करंट सव्वा ॲम्पिअर. पठ्ठ्या पाच तास चालला. रिपोर्टमध्ये लगेच 'बॅटरी एंड्युरन्स : ५ तास' लिहून मोकळे. (विटेवर उभं राहून युगं काढणं फक्त विठोबालाच जमतं, हे तेव्हा सुचलं नाही.)

दिवाळीच्या सुट्टीत रोव्हर घेऊन मी रनाळ्याला मामांकडे गेले, पार्टनरही नंदुरबारचीच, तीही आली. मामांचा पहिला प्रश्न : "हाई गाडी कितला टाइम चालस व माय?" मी ऐटीत म्हटलं, पाच तास. मामांचा चेहरा खुलला. त्यांच्या मोटरची वीज बऱ्याचदा रात्री येते. पाणी सरीच्या टोकापर्यंत पोचलं का, हे बघायला बॅटरी घेऊन अंधारात, सापा-किरड्यातून त्यांनाच जावं लागतं. गाडी जाऊन बघणार असेल तर हवीच होती.

मिरचीच्या ओल्या सरीत रोव्हर सोडला. काळी माती ती! दोन मिनिटांत चाकांना लाडू चिकटले. करंट साडेपाच ॲम्पिअरवर. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेलं, आम्ही स्विच बंद केला. दहा मिनिटांनी मल्टिमीटर लावला तर पुन्हा बारा! पार्टनर म्हणाली, "बघ, चार्ज आहे अजून." परत चालू केला, दोन सऱ्याही गेला नाही. लोड काढल्यावर व्होल्टेज वर येतं, त्याने फसायला होतं.

यात बॅटरीचा दोष नाही. असल्या बॅटरीवरचे ७ ॲम्पिअर-अवर साधारणपणे वीस तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ ॲम्पिअरने काढले तर मिळतात. जोरात ओढलं की कमीच. पॉइकर्टने हा हिशोब १८९७ मध्येच मांडलाय. आम्ही तो परीक्षेत लिहिला होता, मार्कही मिळाले होते!

आता माझं म्हणणं. चांद्रयान-२ च्या वेळी इस्रोने तामिळनाडूतल्या नामक्कलजवळचा ॲनॉर्थोसाइट खडक दळून चंद्रासारखी माती तयार केली, कारण खरी माती हाताशी नव्हती. चांद्रयान-३ चा प्रज्ञान चौदा दिवसांसाठी आहे, हे २०२३ मध्ये आधीच सांगितलं होतं. चंद्राच्या रात्रीनंतर तो जागा झाला नाही तरी कोणाची फसवणूक झाली नाही. आणि आपण? माती गेटबाहेर पडलेली असताना विटा शोधतो. जमीन कोणती, करंट किती, कुठल्या व्होल्टेजला थांबवलं, हे नसेल तर रिपोर्टमधल्या 'एंड्युरन्स'ला एकही मार्क देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्युनिअर्स शिव्या देतील, देऊ देत.

पार्टनरचं म्हणणं वेगळं. "व्हायव्हा टेबलावरच होणार, तिथे कुठे चिखल असतो? सत्तेचाळीस मिनिटं लिहिलंस तर प्रोजेक्ट फेल वाटेल." तिचं अगदीच चुकीचं नाही. आपल्याकडे मोठ्या आकड्याला शाबासकी मिळते, छोट्याला प्रश्न विचारतात. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

पण मला मामा दिसत होते. पाच तासांवर विसंबून त्यांनी रात्री गाडी सोडली असती, ती सरीत मध्येच बसली असती, आणि तिला शोधायला अंधारात तेच गेले असते.

निघताना त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मंग रातले माले काय उपेग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्टमध्ये आता दोन्ही आकडे आहेत : विटेवर ५ तास, रनाळ्याच्या ओल्या सरीत ४७ मिनिटं. सध्या आम्ही रुंद चाकं बनवतोय. होळीला पुन्हा जाणार आहे, पार्टनरही येतेय.