मतपेटीचा दहा वर्षांचा उपास

हिंदी महासागरांत मॉरिशस नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील एकंदर वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे २०११ च्या शिरगणतींत आमच्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दींत जीं ११ लाखांवर माणसें मोजलीं गेलीं, त्यांहून फार अधिक नाहीं. गोऱ्या मळेवाल्यांच्या उंसासाठीं १८३४ पासून हिंदुस्थानांतून सुमारें साडेचार लाख करारबंद मजूर या बेटावर नेण्यांत आले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं कोंकणांतील कष्टकरी कुटुंबेंहि होतीं. त्यांचीं पणतवंडें आजहि तेथें गणपति बसवितात व आपणांस मराठी म्हणवितात. या दूरच्या भाऊबंदांची आठवण आम्हांस आज होण्याचें कारण मात्र गणपतीचें नव्हे, मतपेटीचें आहे.

मॉरिशसमधील पांच शहरांच्या नगरपालिकांची निवडणूक २०१५ च्या जूनमध्यें झाली. आमच्या नवी मुंबईची त्याच सालीं एप्रिलमध्यें झाली. त्यानंतर दोहींकडे सारखाच प्रकार घडला. कोरोनाची सांथ आली, निवडणूक पुढें गेली. सांथ गेली, निवडणूक मात्र परत आली नाहीं. मॉरिशसच्या सरकारनें कायद्यांत दुरुस्ती करून मुदत लांबविली, ती पुन्हां लांबविली. शेवटीं २०२४ च्या नोव्हेंबरांत लोकांनीं तें सरकारच घरीं पाठविलें, आणि नव्या सरकारनें सहा महिन्यांत, ता. ४ मे २०२५ रोजीं, शहरांतील मतदान उरकलें. आमच्याकडे त्याच आठवड्यांत, ता. ६ मे रोजीं, सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्रांतील रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत पुऱ्या करा असा हुकूम काढावा लागला. तरीहि चार महिने पुरले नाहींत. मुदत पुन्हां वाढवून घेतली, व ता. १५ जानेवारी २०२६ रोजीं नवी मुंबईच्या मतदारानें पावणेअकरा वर्षांनीं नगरसेवकासाठीं बटण दाबलें. २०१५ सालीं सात-आठ वर्षांचा असलेला पोर मधल्या काळांत मिसरूड फुटून मतदार झाला!

दोन्हीं ठिकाणांत एक फरक आहे, आणि तो आम्हांस शोभणारा नाहीं. मॉरिशसमध्यें जुनेच सभासद मुदतवाढ घेऊन खुर्चीवर राहिले. हें वाईटच, पण निदान शिव्या देण्यास तरी एक माणूस होता. येथें २०२० च्या मे महिन्यांत सभासदांची मुदत संपली आणि सभागृह ओस पडलें. आयुक्त हेच प्रशासक झाले. मागणारा तोच, मंजूर करणारा तोच, हिशेब देणारा तोच आणि हिशेब घेणाराहि तोच. २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंतचीं पांच अंदाजपत्रकें अशीं पास झालीं कीं, त्यांवर निवडून आलेल्या एकाहि माणसानें हात वर केला नाहीं कीं खालीं ठेवला नाहीं. आणि हें कोठें? ज्या देशाच्या घटनेंत ७४ व्या दुरुस्तीनें स्पष्ट लिहून ठेविलें आहे कीं, नगरपालिकेची मुदत पांच वर्षें, अधिक नाहीं, आणि मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी झाली पाहिजे. घटनेचें कलम भिंतीवर आणि कारभार पडद्याआड, असा हा संसार चालला होता.

आतां या विलंबाचें खापर कोणाच्या माथीं फोडलें गेलें तें पाहा. सांगितलें गेलें कीं, ओबीसींच्या राखीव जागांचा प्रश्न सुटत नाहीं म्हणून निवडणूक होत नाहीं. २०२१ च्या मार्चमध्यें सुप्रीम कोर्टानें सांगितलें होतें कीं, आयोग नेमा, आंकडे गोळा करा, पन्नास टक्क्यांची मर्यादा राखा आणि मग जागा द्या. बहुजनसमाजाचें कल्याण ज्यांच्या तोंडीं अष्टौप्रहर असतें त्यांस हे आंकडे गोळा करण्यास एक वर्षाहून अधिक काळ लागला. आयोगाचा अहवाल २०२२ च्या जुलैमध्यें मान्य झाला, तों प्रभागांची संख्या व रचना बदलण्याचा नवा कायदा पुढें आला, आणि त्यावर पुन्हां कोर्टबाजी सुरू झाली. यांत सरकारें बदललीं, पक्ष फुटले, मंत्री इकडचे तिकडे झाले. विलंब मात्र सर्वांनीं सारख्याच मायेनें सांभाळला. आगरी, कोळी, माळी, तेली, न्हावी यांच्या जागांच्या नांवानें निवडणूक अडली, आणि त्या साऱ्या वर्षांत त्यांना ना राखीव जागा मिळाली ना उघडी. राखीव जागा हा आमच्या चळवळीनें झगडून घेतलेला हक्क आहे. १९१९ च्या सुधारणांत मुंबई कायदेकौन्सिलांत मराठे व तत्सम जातींस सात जागा मिळाल्या, त्या कोणी ताटांत वाढून आणल्या नव्हत्या. तोच हक्क निवडणूक लांबविण्याचें निमित्त व्हावा, हें आम्हांस फार झोंबतें.

कांहीं सभ्य गृहस्थ आम्हांस म्हणतात, "अहो, प्रशासकाच्या काळांत शहर स्वच्छ राहिलें, बक्षिसें मिळालीं; नगरसेवकांचें काय अडलें होतें?" बक्षिसें मिळालीं हें खरें, आणि झाडूवाल्यांच्या कष्टांचें तें चीज आहे. परंतु कलेक्टरसाहेबहि रस्ते चांगले बांधीत होते. तेवढ्यावरच भागत असतें तर लोकांनीं स्वराज्य मागितलेंच नसतें. वाशीच्या उंच इमारतींत राहणाऱ्याचा टेलिफोन थेट आयुक्तांपर्यंत पोंचतो. दिघ्याच्या चाळींतल्या बाईचा, तुर्भ्याच्या मार्केटांत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडीचा, दिवाळे गांवच्या कोळ्याचा फोन कोण उचलणार? त्यांना ठाऊक असलेलें सरकार म्हणजे गल्लीच्या तोंडाशीं राहणारा नगरसेवक. तो आळशी असेल, लबाड असेल. पण पांच वर्षांनीं त्याला दारांत यावें लागतें, एवढ्या एका भयानें तरी तो नळाला पाणी कां नाहीं याची चौकशी करतो.

महात्मा जोतिराव फुले पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं शहर शृंगारण्याचा खर्च निघाला, तेव्हां तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा म्हणून एकट्या जोतिरावांनीं विरोध केला. ते सरकारनियुक्त सभासद होते हेंहि आम्ही लपवीत नाहीं. सरकारनें नेमलेला माणूस सरकारला नको म्हणतो, ती छाती निराळी. पण नाहीं म्हणण्यास सभा तर भरली पाहिजे! नवी मुंबईंत ती जागाच साडेपांच वर्षें बंद होती. आणि दाद मागण्याची जागा नसली म्हणजे काय होतें, हें या मुलखानें पूर्वीं पाहिलें आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली. ती सरकारची कंपनी. तिला मतांसाठीं कोणाचा उंबरठा झिजवावा लागत नव्हता. ९५ गांवांची जमीन घेतली गेली, भावाची दाद सभागृहांत लागेना, म्हणून दि. बा. पाटलांच्या मागें शेतकरी रस्त्यावर आला, आणि १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत झालेल्या गोळीबारांत पांच जण बळी पडले. महापालिका उगवली ती त्यानंतर आठ वर्षांनीं, १९९२ सालीं.

मॉरिशसच्या आमच्या भाऊबंदांनीं मताचा हक्क कसा मिळविला तें ऐकण्यासारखें आहे. १८८६ च्या पहिल्या निवडणुकींत मिळकतीच्या अटीमुळें साऱ्या बेटांत मतदार निघाले ते सुमारें चार हजार, आणि त्यांत मजुरांना कोण विचारतो! १९४८ सालीं अट सैल होऊन, आपल्या भाषेंत थोडें लिहितां-वाचतां येणाराला मत मिळालें. तेव्हां बासदेव बिसुनदयाळ यांच्या स्वयंसेवकांनीं उंसाच्या मळ्यांवर हिंडून मजुरांना अक्षरें शिकविलीं. दिवसभर कोयता चालविलेल्या हातांनीं रात्रीं पेन्सिल धरली. मतदार बारा हजारांच्या आसपास होते ते सत्तर हजारांवर गेले. १९५९ सालीं सर्व प्रौढांस मत मिळालें, १९६८ सालीं स्वातंत्र्य.

तरी त्या बेटाला आम्ही डोक्यावर घेऊन नाचणार नाहीं. १९६८ पासूनच्या मुख्य प्रधानकीचा काळ, एका पॉल बेरांजेचीं दोन वर्षें सोडलीं तर, रामगुलाम व जगन्नाथ या दोन घराण्यांतच वांटला गेला. २०१७ सालीं तर बापानें खुर्ची सोडली ती मुलानेंच घेतली. मतदारास विचारलें नाहीं. उमेदवारानें हिंदु, मुसलमान, चिनी किंवा इतर असा आपला जमाव लिहून द्यावा, आणि हरलेल्यांतून कांहींना त्या हिशेबानें जागा द्याव्या, अशी तेथें रीत आहे. हिशेब मात्र १९७२ च्या शिरगणतीवर! २०२४ च्या निवडणुकीआधीं चोरून ऐकलेलीं टेलिफोनवरचीं बोलणीं बाहेर फुटलीं, तेव्हां सरकारनें सोशल मीडियाच मतदान होईपर्यंत बंद करण्याचा हुकूम काढला. ओरड झाली, एक-दोन दिवसांत हुकूम गिळावा लागला, आणि ता. १० नोव्हेंबरला मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा सरकारविरुद्ध गेल्या. लोकांनीं कानाखालीं वाजविली ती चांगलीच. पण सभागृहांत विरोध जवळजवळ उरलाच नाहीं, हें दुखणें नवें.

आमच्याकडे राज्यांत मांडीला मांडी लावून बसणारे दोन पक्ष नवी मुंबईंत एकमेकांसमोर लढले. वरच्या मजल्यावर मैत्री आणि खालच्या मजल्यावर भांडण, यांतून लोकांचा प्रश्न किती निघतो तें दिसेलच. आमचें मागणें साधें आहे. प्रशासकाच्या काळांतील पांचहि अंदाजपत्रकें, मोठीं कंत्राटें व त्यांचे लेखापरीक्षणाचे अहवाल सर्वसाधारण सभेपुढें ठेवावे, आणि प्रत्येक नगरसेवकानें आपल्या प्रभागाचा पैसा कोठें गेला तें विचारावें. चार चार सभासदांचे प्रभाग केल्यामुळें प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. म्हणून मतदारांनीं चौघांनाहि निरनिराळीं पत्रें द्यावीं व पोंच घ्यावी. मराठींत लिहावें. सही येत नसेल त्यानें आंगठा करावा. त्यानें अर्जाचें वजन कमी होत नाहीं. अर्जाचा नमुना ज्यांस पाहिजे असेल त्यांस आमच्या कचेरींत विनामूल्य मिळेल.