करारशास्त्राचें पुस्तक आणि त्याचे वाचक

पाठ्यपुस्तकाचें दैव मोठें चमत्कारिक असतें. कादंबरी आवडली नाहीं तर वाचक ती मिटून ठेवतो. परंतु पाठ्यपुस्तक आवडो वा न आवडो, परीक्षा होईपर्यंत त्याची संगत सुटत नाहीं. त्यामुळें विद्यार्थी त्याच्याविषयीं जें बोलतात त्यांत अभिप्राय किती आणि त्रागा किती, हें निवडून घ्यावें लागतें. कायद्याच्या अभ्यासक्रमांत शिरणाऱ्या विद्यार्थ्याची प्रारंभींच गांठ पडते ती करारांच्या कायद्याशीं. आणि त्या विषयाचें पुस्तक म्हणून त्याच्या हातीं बहुधा येतो तो लखनौच्या अवतार सिंग यांचा इंग्रजी ग्रंथ. या ग्रंथासंबंधीं विद्यार्थ्यांचें म्हणणें काय, आणि त्यांत तथ्य किती, याचा विचार या महिन्यांत करावयाचें आम्ही योजिलें आहे. ज्या घरांत एखादा मुलगा अगर मुलगी हा अभ्यास करीत असेल त्या घरास तो उपयोगी पडेलच; परंतु इतरांसही तो अगदींच परका वाटणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

हा विचार सेलूसारख्या गांवावरून करणें सोयीचें आहे. मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें तालुक्याचें ठिकाण म्हणजे कापसाची जुनी बाजारपेठ. येथील मुलांस कायदा शिकावयाचा तर गाडी धरून परभणीस जावें लागतें, किंवा छत्रपति संभाजीनगर, पुणें अशा दूरच्या शहरीं बिऱ्हाड करावें लागतें. बहुतेकांचें शालेय शिक्षण मराठींत झालेलें असतें. घराबाहेर पडलें कीं मोंढा दिसतो. तेथें आडत्याच्या शब्दावर माल उतरतो, उचल दिली जाते, मुद्दत ठरते आणि कधीं कधीं मोडतेही. म्हणजे करार ही वस्तु या मुलांच्या लहानपणापासून परिचयाची असते. पुस्तकांतला करार तेवढा अनोळखी.

खुद्द कायदाही या भागांत उशिराच आला. करारांचा कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानांत अमलांत आला. परंतु सेलू तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. संस्थानचे कायदे निराळे, आणि न्यायालयांचा व्यवहार उर्दूंतून चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणही उर्दूंतूनच होतें. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान संपलें, आणि १ एप्रिल १९५१ पासून १८७२ चा कायदा येथें लागू झाला. पणजोबांच्या काळची वकिली उर्दूंत, नंतरच्यांचा अभ्यास इंग्रजींत, आणि अशील तर सर्व काळ मराठी बोलणारा, अशी येथील परिस्थिति आहे. पुस्तकाविषयींच्या तक्रारी ऐकतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे.

पहिली तक्रार असते ती निवाड्यांच्या गर्दीची. नियम एका ओळीचा आणि त्याखालीं निवाडे दहा; त्यांपैकीं पाठ कोणते करावयाचे आणि सोडावयाचे कोणते, हें समजत नाहीं, असें विद्यार्थी म्हणतात. दुसरी तक्रार अशी कीं, पुस्तकांतील माणसें परदेशींचीं आहेत. लंडनांतील औषधी धुराच्या गोळीची जाहिरात, किंवा ग्लूस्टर येथील गिरणीचा मोडलेला दांडा, यांचा सेलूच्या मुलास काय उपयोग, असा त्यांचा प्रश्न असतो. तिसरी तक्रार भाषेची. इंग्रजी वाक्य दोनदां वाचावें तेव्हां अर्थ लागतो; आणि मराठीकडे वळावें तर 'करार' या घरोघरच्या शब्दाच्या जागीं सरकारी परिभाषेंतील 'संविदा' पुढें उभी राहते. या तिन्ही अडचणींवर तोडगा म्हणून अनेक जण प्रश्नोत्तरांचें गाईड घेतात आणि मूळ ग्रंथ फळीवर ठेवतात.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनीं हा ग्रंथ नेटानें वाचला, ते त्याच्याविषयीं गोडीनें बोलतात. कारण त्यांतील निवाडे गोष्टींसारखे स्मरणांत राहतात. १९१३ सालचा अलाहाबादचा लालमन शुक्ल याचा खटला तर बहुधा कोणीच विसरत नाहीं. पुतण्या घरांतून नाहींसा झाला. गौरीदत्तानें आपल्या मुनिमास त्याच्या शोधार्थ हरिद्वारकडे धाडलें. मागाहून ५०१ रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. मुनिमानें मुलगा शोधून काढला, परंतु त्या वेळीं त्यास बक्षिसाची वार्ताच नव्हती. जो प्रस्ताव ठाऊक नाहीं त्याचा स्वीकार होऊं शकत नाहीं, या कारणानें त्याचा दावा फेटाळला गेला. निकालाबद्दल हळहळ वाटते. आणि ती वाटते म्हणूनच नियम पक्का होतो.

आमच्या मतें पहिल्या तक्रारीचें मूळ पुस्तकांत नसून वाचनाच्या क्रमांत आहे. विद्यार्थी ग्रंथ आधीं उघडतात आणि कायदा मागाहून, किंवा मुळींच उघडीत नाहींत. वास्तविक १८७२ चा कायदा हाच एक सुरेख लहानसा पाठ्यग्रंथ आहे. त्यांतील मालविक्रीचा भाग १९३० सालीं आणि भागीदारीचा १९३२ सालीं वेगळा काढला गेल्यावर तो आटोपशीरही झाला आहे. त्याच्या अनेक कलमांखालीं उदाहरणें दिलेलीं आहेत, आणि तीं अगदीं आपल्या ओसरीवरचीं वाटावींत अशीं आहेत. मुलगा अज्ञान असतां बापानें त्यास पैसे दिले, आणि तो सज्ञान होतांच वडीलकीच्या जोरावर अधिक रकमेचा रोखा लिहून घेतला, हें सोळाव्या कलमाखालचें उदाहरण. गांवच्या सावकाराच्या कर्जांत असलेला मनुष्य जाचक अटींवर पुन्हां कर्ज काढतो, हें त्याच कलमाखालचें दुसरें. लिलावांत घोडा विकतांना त्याच्या खोडीबद्दल मौन धरणें ही फसवणूक नव्हे. परंतु विकत घेणारी जर नुकतीच सज्ञान झालेली स्वतःची मुलगी असेल, तर खोड सांगणें हें बापाचें कर्तव्य होतें, असें सतरावें कलम शिकवितें. हीं उदाहरणें आधीं वाचलीं तर ग्रंथांतील निवाड्यांची गर्दी न वाटतां ओळखीच्या माणसांची बैठक वाटूं लागेल.

परदेशी निवाड्यांचेंही असेंच आहे. १८५४ सालीं निकाल लागलेल्या त्या ग्लूस्टरच्या गिरणीचें तत्त्व आपल्या कायद्याच्या ७३ व्या कलमांत आलें आहे. सेलूच्या सरकी काढण्याच्या कारखान्याचें यंत्र ऐन हंगामांत दुरुस्त होऊन यावयाचें आहे, आणि वाहतूकदारानें त्यास विलंब लावला, अशी कल्पना करा. यंत्रावांचून कारखाना बंद आहे हें त्यास आधीं सांगितलें होतें कीं नव्हतें, यावर भरपाईचें मान अवलंबून राहील. दांडा परदेशींचा असला तरी नुकसान येथेंही तेंच होतें. मात्र जेथें आपला कायदा इंग्रजी कायद्यास सोडून गेला आहे, उदाहरणार्थ, प्रतिफल तिऱ्हाइतानें दिलें तरी चालतें या बाबतींत, तेथें विद्यार्थ्यानें विशेष सावध असावें.

भाषेची तक्रार मात्र आम्ही मुळींच हलकी मानीत नाहीं. तालुक्याच्या न्यायालयांत पक्षकार मराठींत बोलतो, साक्षीदार मराठींत शपथ घेतो. त्यांचा वकील जें शास्त्र शिकून येतो तें मात्र परक्या भाषेंत, आणि तेंही अर्धें समजलेलें असतें. मराठींत या विषयाचीं पुस्तकें नाहींत असें नव्हे. परंतु निवाड्याची गोष्ट रंगवून सांगणारा, 'करार', 'जामीन', 'दस्तऐवज' असे रुळलेले शब्द न टाकणारा आणि अवतार सिंगांच्या ग्रंथाच्या तोडीस बसेल असा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या नित्य वापरांत यावयास हवा. तो कोणी अनुभवी अध्यापकानें किंवा वकिलानें मनावर घेतला पाहिजे.

आतां घरांतील वडील मंडळींसाठीं दोन शब्द. आपल्या एकत्र कुटुंबांत सर्वांत सहज दिली जाणारी वस्तु म्हणजे जामीनकी. मेहुण्याच्या धंद्यासाठीं, चुलत भावाच्या कर्जासाठीं, 'नुसती सही तर करावयाची' म्हणून सही केली जाते. पुस्तक काय सांगतें? १२८ वें कलम सांगतें कीं, कराराने अन्यथा ठरलें नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आणि धनकोनें आधीं ऋणकोची मालमत्ता गाठावी, मग माझ्याकडे यावें, असें जामीनदारास म्हणतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं बिहार बँकेच्या खटल्यांत दिला. ज्या घरांतील मुलास हें कलम परीक्षेसाठीं तोंडपाठ आहे, त्याच घरांतील काकांनीं तें न ऐकतां सही करावी, ही केवढी हानि! कित्येकदां घराची भिंत अशा एका सहीनेंच दुभंगते.

याच पुस्तकांत घर सांधणाराही एक निवाडा आहे. भिवा आणि शिवराम या भावांचा तो खटला १८९९ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत चालला. जमीन वडिलोपार्जित नाहीं, असें एका भावानें शपथेवर सांगितलें आणि दुसऱ्याचा दावा बुडाला. पुढें त्याच भावानें नोंदणी केलेल्या लेखानें अर्धा हिस्सा देण्याचें वचन दिलें. त्यास प्रतिफल कांहींच नव्हतें. तरी जवळच्या नात्यांतील स्वाभाविक प्रेमापोटीं दिलेलें वचन म्हणून २५ व्या कलमान्वयें तें बंधनकारक ठरलें. प्रेमानें दिलेलें वचन कायदा मानतो. पण तें लेखी आणि नोंदलेलें असावें, एवढीच त्याची अट आहे. वांटणीच्या वेळीं तोंडी शब्दावर विसंबणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, आधीं कायदा उदाहरणांसह वाचावा, मग ग्रंथ घ्यावा आणि गाईड सर्वांच्या शेवटीं. घरच्यांस सांगणें असें कीं, घरांत येणारा प्रत्येक करारनामा, भाडेपट्टा, जामीनकीचा कागद सहीपूर्वीं या मुलामुलींच्या हातीं द्यावा आणि त्याचा अर्थ त्यांच्याकडून मराठींत समजून घ्यावा. त्यांस जेथें अडेल तेथें तीं आपण होऊन पुस्तक उघडतील. आणि असें चार वेळां उघडलेलें पुस्तक सहसा नावडतें राहत नाहीं.